शब्दकोड्यातील बक्षीसवाचक शब्द आणि कोल्हापूरचा क्रीडा-इतिहास : इनामापासून पदकापर्यंत

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रांतील शब्दकोडे हा करमणुकीचा भाग मानला जातो, त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांचे त्याकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः शब्दकोडे हा भाषेतील समानार्थी शब्दांचा रोज होणारा एक जाहीर हिशोबच असतो. कोणते शब्द परस्परांच्या जागी चालतात आणि कोणता शब्द कोणत्या शब्दाने सुचवता येतो, याविषयीची समाजाची समजूत त्यात नोंदली जाते. बक्षीस, चषक, पदक, फीत, गदा या शब्दांच्या बाबतीत ही समजूत विशेष तपासून पाहण्यासारखी आहे. कोड्यात हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून येतात. इतिहासात मात्र त्यांतील प्रत्येक शब्द देणारा आणि घेणारा यांच्यातील एका वेगळ्या नात्याचा निदर्शक आहे.

या दृष्टीने कोल्हापूर परिसर अभ्यासास अनुकूल आहे. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी हे गाव उजळाईवाडी येथील विमानतळाच्या परिसरात, चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. या पट्ट्यात, तसेच जिल्ह्यातील अन्य गावांत यात्रेतील कुस्ती, तालमीचा आखाडा आणि रोजचे वृत्तपत्र या तिन्ही गोष्टी लोकजीवनाचा भाग आहेत. संस्थानी काळातील इनाम, गावयात्रेतील नारळ व फेटा, महाराष्ट्र केसरीची गदा, फुटबॉलचा चषक आणि ऑलिंपिकचे पदक ही सारी मानचिन्हे याच भूमीने पाहिली आहेत. प्रस्तुत लेखात या शब्दांचा उगम आणि कोल्हापूरच्या क्रीडा-इतिहासातील त्यांचा व्यवहार यांचा एकत्र विचार केला आहे.

तीन चौकटींचा प्रश्न

मराठी शब्दकोड्याची रचना इंग्रजी कोड्याहून एका बाबतीत मूलतः भिन्न आहे. आर्थर विन याचे पहिले कोडे न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी प्रसिद्ध झाले. त्यात एका चौकटीत एक वर्ण अशी योजना होती. मराठीने ही कल्पना स्वीकारताना चौकटीत वर्णाऐवजी अक्षर बसविले. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर यांसह संपूर्ण अक्षर एका चौकटीत येते. त्यामुळे ‘बक्षीस’ या शब्दास तीन चौकटी लागतात, ‘पारितोषिक’ या शब्दास पाच, तर ‘गदा’ आणि ‘फीत’ यांना दोनच.

‘पराक्रमाबद्दल मिळते ते’ असे शोधसूत्र असून चौकटी तीन असल्या, तर सोडविणाऱ्यापुढे किमान सहा शब्द उभे राहतात : इनाम, बक्षीस, किताब, बिदागी, पदक आणि चषक. अर्थावरून निवड करणे अवघड असते. निर्णय होतो तो उभ्या शब्दाने दिलेल्या एखाद्या अक्षरावरून. येथे एक लक्षणीय गोष्ट आढळते. पदक, चषक, करंडक आणि पारितोषिक हे चारही शब्द ‘क’ या अक्षराने संपतात आणि चारही संस्कृताच्या घरचे आहेत. इनाम, बक्षीस, किताब आणि बिदागी हे शब्द अरबी-फारसीतून आलेले असून त्यांतील एकाचाही शेवट ‘क’ने होत नाही. म्हणजे शेवटच्या चौकटीत ‘क’ आला की सोडविणारा नकळत फारसी परंपरेतून संस्कृत परंपरेत प्रवेश करतो. कोड्यापुरता हा योगायोग असला, तरी या दोन शब्दगटांमागे दोन काळ आणि दोन व्यवस्था आहेत.

‘किताब’ या शब्दाची गंमत निराळी आहे. अरबीत ग्रंथासाठी असलेला शब्द आणि पदवीसाठी असलेला शब्द हे भिन्न आहेत. मराठीत येता येता दोघांचा उच्चार एक झाला. त्यामुळे ‘पुस्तक किंवा पदवी’ या सूत्राचे उत्तर एकच येते. फारसीचे अध्यापक आणि कवी माधव जूलियन, म्हणजेच माधवराव पटवर्धन, यांनी अशा शब्दांचा पद्धतशीर शोध घेतला होता. त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केले. त्याच महाविद्यालयाचा एक विद्यार्थी पुढे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविणार होता.

इनाम आणि बिदागी : दात्याच्या मर्जीचे शब्द

‘इनाम’ या अरबी शब्दाच्या मुळाशी कृपा, अनुग्रह ही कल्पना आहे. इनाम कमावले जात नाही. ते वरच्याने खालच्याला द्यायचे असते. मराठी राज्यव्यवहारात इनाम म्हणजे प्रामुख्याने जमीन, किंवा जमिनीच्या साऱ्याची माफी. देवस्थान, विद्वान, सरदार, गावकामगार अशा विविध घटकांना ती मिळे आणि बहुधा वंशपरंपरेने चाले. इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि या हक्कांची कसून चौकशी झाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने वैयक्तिक इनामे नष्ट करण्याचा कायदा केला. हा कायदा १९५२ चा कायदा म्हणून ओळखला जातो. तरीही महाराष्ट्रातील ग्रामीण भागाच्या महसुली दप्तरात ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ यांसारख्या नोंदी टिकून आहेत. शब्दकोड्यात तीन चौकटींत मावणाऱ्या या शब्दामागे अनेक कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन आणि तिच्यावरील वाद उभे आहेत.

‘बक्षीस’ हा फारसी शब्द देणे, दान करणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला. ‘बिदागी’ निरोपाशी निगडित आहे. गवई, कीर्तनकार, शाहीर यांना कार्यक्रम आटोपल्यावर निरोप देताना जे दिले जाई ती बिदागी. तिची रक्कम गाण्याच्या प्रतीइतकीच यजमानाच्या इतमामावर अवलंबून असे. या तिन्ही शब्दांत घेणाऱ्याचे कर्तृत्व गृहीत असले, तरी वाक्याचा कर्ता देणारा असतो. इनाम ‘दिले’ जाते, बिदागी ‘दिली’ जाते. ती ‘जिंकली’ असे जुन्या मराठीत सहसा म्हटले जात नाही.

कोल्हापूरच्या कुस्तीने या शब्दाचा अर्थ बदलण्यास सुरुवात केली. राजर्षी शाहू छत्रपतींनी (१८७४–१९२२) मल्लविद्येला दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त ते इंग्लंडला गेले असता त्यांच्या पाहण्यात रोमचे प्राचीन क्रीडागार आले आणि त्यावरून खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९०७ मध्ये सुरू झालेले हे बांधकाम १९१२ मध्ये पूर्ण झाले. मधोमध मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक अशा रचनेमुळे हजारो प्रेक्षकांना एकाच वेळी कुस्ती दिसू लागली. या बांधकामाचा शब्दार्थाशी संबंध आहे. दरबारात दिलेले इनाम मोजकी माणसे पाहत. खासबागेतील इनाम हजारो डोळ्यांसमोर, चितपट झालेल्या निकालानंतर दिले जाऊ लागले. दाता अजूनही राजाच होता, परंतु निकाल मातीवर लागत होता आणि तो सर्वांना दिसत होता. अशा रीतीने इनाम हे मर्जीपासून सुटून निकालाकडे सरकू लागले.

गावयात्रेतील कुस्तीत हाच बदल लहान प्रमाणावर दिसतो. पोराटोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, त्याहून मोठ्या नारळावर, आणि शेवटची मोठी जोड रोख इनामावर. जिंकणाऱ्याला फेटा बांधला जातो. रेवडी, नारळ, फेटा, रोख रक्कम ही एक सुस्पष्ट श्रेणी आहे. तिच्यात गावची वर्गणी हाच दाता असतो. येथे फेट्याचे स्थान वेगळे आहे. तो विकता येत नाही, त्याचे बाजारमूल्य नगण्य असते, तरीही तो डोक्यावर चढल्यावाचून विजय पुरा होत नाही. इंग्रजी वळणाच्या क्रीडासमारंभात फितीला जे काम असते, ते येथे फेटा करतो.

दक्षिणेपासून पारितोषिकापर्यंत

इनामाच्या शेजारी ‘पारितोषिक’ हा शब्द रूढ झाला तो शिक्षणाच्या क्षेत्रातून. त्याचा अर्थ परितोष, म्हणजे समाधान, झाल्याचे चिन्ह. समाधान कोणाचे, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी श्रावणमासातील दक्षिणा इंग्रजी राजवटीत कमी होत गेली. १८४९ च्या सुमारास त्या निधीचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांच्या लेखनास उत्तेजन म्हणून द्यावा, अशी मागणी पुण्यातील सुधारकांनी केली. लोकहितवादी त्या चळवळीत होते आणि महात्मा जोतीराव फुले यांनी तिला पाठिंबा दिला. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली.

या घटनेचे महत्त्व रकमेहून मोठे आहे. दक्षिणा मिळण्यास जन्म ही पूर्वअट होती. पारितोषिकाला लेखन ही अट आली. निधी तोच, पण प्राप्तीची कसोटी बदलली. मर्जी आणि जन्म यांच्या जागी परीक्षण आले. परीक्षकांचे समाधान ही कसोटी पूर्णतः निर्दोष नव्हती, कारण परीक्षकही विशिष्ट वर्गातूनच येत. परंतु ‘हे बक्षीस याला का मिळाले’ असा प्रश्न जाहीरपणे विचारण्याची सोय प्रथमच झाली. इनामाबद्दल असा प्रश्न विचारणे म्हणजे दात्याच्या अधिकाराबद्दलच शंका घेणे ठरले असते.

१९५२ : पदक आणि त्याची किंमत

‘पदक’ हा मूळचा दागिना. गळ्यातील साखळीला किंवा माळेला लोंबणारा भाग म्हणजे पदक. आधुनिक क्रीडास्पर्धांसाठी मराठीने हा शब्द उचलला. ऑलिंपिकचा इतिहास पाहता त्यात एक विसंगती दिसते. १८९६ च्या अथेन्स स्पर्धेत विजेत्याला रौप्यपदक आणि ऑलिव्हची फांदी मिळाली होती. सुवर्ण, रौप्य व कांस्य ही आजची त्रयी १९०४ च्या सेंट लुई स्पर्धेपासून आली. पदक गळ्यात घालण्याची प्रथा तर १९६० च्या रोम स्पर्धेत, तीही साखळीच्या रूपाने, सुरू झाली आणि फीत त्यानंतर आली. तोपर्यंत पदक विजेत्याच्या हाती दिले जात असे. म्हणजे १९५२ पर्यंत मराठीत ज्याला ‘पदक’ म्हटले गेले, ते ऑलिंपिकमध्ये गळ्यात घातलेच जात नव्हते.

खाशाबा दादासाहेब जाधव यांना हेलसिंकी येथे जुलै १९५२ मध्ये मिळालेले कांस्यपदक अशा फितीवाचूनच्या पदकांपैकी होते. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. त्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढच्या ऑलिंपिकच्या वेळी राजाश्रयाची ती वाट उरली नव्हती. नव्या शासनाची क्रीडाविषयक व्यवस्था अजून उभी राहायची होती. या मधल्या पोकळीत खाशाबांच्या प्रवासाचा भार लोकवर्गणीवर पडला. राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ही घटना कोल्हापूरच्या स्मृतीत आजही जपली गेली आहे.

हेलसिंकी येथे ५७ किलोच्या बँटमवेट गटात जपानचे शोहाची इशी यांनी सुवर्ण, सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव यांनी रौप्य आणि खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. परतल्यावर कराड ते गोळेश्वर अशी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. या गौरवात कशाचीच उणीव नव्हती, परंतु पदकाबरोबर पैसा आला नव्हता. गहाण घर सोडविण्यासाठी खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे ऋण फेडले.

या एका प्रसंगात प्रस्तुत विषयाचे सार एकवटले आहे. आधुनिक जगाचा सर्वोच्च मान असलेले पदक मिळविण्यासाठी घर गहाण पडले, आणि ते घर सोडविले जुन्या चालीच्या मातीतल्या कुस्तीने. शब्दकोड्यात इनाम आणि पदक एकमेकांच्या जागी बसू शकतात. १९५२ मध्ये मात्र त्यांतील एकाने दुसऱ्याचे कर्ज फेडले होते. ज्या वर्षाच्या नावाने वैयक्तिक इनामे रद्द करणारा कायदा ओळखला जातो, त्याच वर्षी हे पदक आले. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. जुना दाता निघून गेला होता आणि नवा दाता अद्याप आला नव्हता.

नव्या दात्याने नंतरही बराच विलंब लावला. खाशाबा १९५५ मध्ये पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी त्यांचे अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर, २००० या वर्षासाठी देण्यात आला. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागारास २०१० मध्ये त्यांचे नाव मिळाले. हयातीत पद्म पुरस्कार मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही.

शब्दकोडे, बक्षीस आणि न्यायालय

ज्या काळात खाशाबांच्या पदकाची कहाणी घडत होती, त्याच काळात शब्दकोडेही बक्षिसामुळेच कायद्याच्या कक्षेत आले होते. प्रवेशशुल्क भरून कोडे सोडवायचे आणि आयोजकाने आधीच मोहोरबंद ठेवलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळल्यास मोठी रक्कम जिंकायची, अशा स्पर्धा त्या वेळी अत्यंत लोकप्रिय होत्या. येथे तीन चौकटींचा पूर्वोक्त प्रश्न केवळ भाषिक राहत नाही. दोन शब्द अर्थदृष्ट्या सारखेच योग्य असतील, तर ‘पदक’ लिहावे की ‘चषक’, हे ज्ञानाने ठरत नाही. ते नशिबाने ठरते. अनेक पर्याय भरण्यासाठी लोक एकापेक्षा अधिक प्रवेशिका विकत घेत आणि आयोजकाची प्राप्ती वाढत जाई.

मुंबई राज्याने लॉटरी व बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसविणारा कायदा १९४८ मध्ये केला. राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतील स्पर्धाही त्याच्या कक्षेत याव्यात यासाठी १९५२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रातून आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या स्पर्धा चालत आणि मुंबई राज्यात त्यांचा मोठा प्रसार होता. त्यांनी या दुरुस्तीला आव्हान दिले. दरम्यान संसदेने बक्षीस स्पर्धा अधिनियम, १९५५ संमत केला. त्यानुसार महिन्याला १,००० रुपयांहून अधिक बक्षीस देणाऱ्या आणि २,००० हून अधिक प्रवेशिका स्वीकारणाऱ्या स्पर्धांना बंदी झाली.

सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी दोन निकाल दिले. जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही, हे एका निकालात स्पष्ट झाले. ज्या स्पर्धेत यश मुख्यत्वे कौशल्यावर अवलंबून असते, ती १९५५ च्या अधिनियमाच्या निर्बंधांत येत नाही, असा अर्थ दुसऱ्या निकालात लावला गेला. कौशल्याचे बक्षीस आणि नशिबाची सोडत यांत भारतीय कायद्याने आखलेली ही रेषा पुढील अनेक दशकांच्या वादांत आधारभूत ठरली. बक्षिसाला बक्षीसपण येते ते कर्तृत्वामुळे, हा विचार दक्षिणा प्राइज कमिटीने शंभर वर्षांपूर्वी व्यवहारात आणला होता. आता तो न्यायालयाच्या भाषेत मांडला गेला. विशेष म्हणजे तो मांडण्यास शब्दकोडे निमित्त झाले.

गदा, किताब आणि चषक

स्वातंत्र्योत्तर काळात मल्लविद्येने स्वतःची मानचिन्हे नव्याने घडविली. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ मध्ये दिनकर दह्यारी हे महाराष्ट्र केसरी ठरले. या किताबाबरोबर चषकाऐवजी गदा दिली जाते. मामासाहेबांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबीयांकडून ही गदा त्यांच्या स्मरणार्थ दिली जाऊ लागली. लाकडी गाभ्यावर चांदीचा पत्रा मढवून ती घडविली जाते. गदा हे हनुमंताचे आयुध आणि प्रत्येक तालमीत हनुमंताचे स्थान असतेच. ‘चषक’ या शब्दाचा संस्कृतातील मूळ अर्थ मद्याचा पेला असा आहे. दूध, बदाम आणि ब्रह्मचर्य यांवर पोसलेल्या आखाड्याने पेल्याऐवजी गदा निवडली, यात त्या परंपरेचा स्वभाव दिसून येतो.

किताबांच्या नावांत मात्र दोन्ही परंपरा सुखाने नांदल्या. कोल्हापूरच्या तालमीत तयार झालेले श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये हिंदकेसरी झाले आणि गणपतराव आंदळकर १९६० मध्ये. राधानगरी तालुक्यातील अर्जुनवाडा येथील दादू चौगुले १९७० व १९७१ असे दोनदा महाराष्ट्र केसरी ठरले, तसेच त्यांनी ‘रुस्तुम-ए-हिंद’ हा किताबही मिळविला. केसरी हा संस्कृत सिंह, रुस्तुम हा फारसी महाकाव्यातील वीर. एकाच मल्लाच्या नावामागे दोन्ही लागले आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने शासकीय पदव्या रद्द केल्या असताना लोकांनी दिलेले किताब अधिकच तेजस्वी झाले, ही बाबही नोंद घेण्याजोगी आहे.

चषक कोल्हापुरात आला तो प्रामुख्याने फुटबॉलच्या वाटेने. येथील वैशिष्ट्य असे की पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशी फुटबॉल संघांची नावे तालमींवरूनच पडली आहेत. गदेसाठी घाम गाळणाऱ्या संस्थांनीच चषकासाठीही संघ उभे केले. गदा एका मल्लाच्या खांद्यावर असते, चषक संघाचा असतो आणि तो पेठेत मिरवला जातो. फिरता चषक तर पुढील वर्षी परत करावा लागतो. इनाम वंशपरंपरेने चाले, फिरत्या चषकावर एका वर्षापलीकडे हक्क नसतो. मालकीविषयीची ही कल्पना लोकशाहीच्या निवडणुकीशी अधिक जवळची आहे.

‘फीत’ हा शब्द मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाला. त्याचे मूळ ‘फिता’ या पोर्तुगीज शब्दात आहे. लष्करी गणवेशावर प्रत्यक्ष पदक नसताना त्याच्या रंगाची फीत छातीवर लावली जाते आणि जाणकार त्या रंगावरून पराक्रम ओळखतात. हे काम तसे शब्दकोड्यातील शोधसूत्रासारखेच आहे, कारण वस्तू समोर नसते आणि खुणेवरून ती ओळखायची असते. म्हणूनच ज्याला संदर्भ ठाऊक नाही, त्याला फीत केवळ रंगीत कापड वाटते.

खूण आणि निर्वाह यांतील अंतर अलीकडच्या काळातही पुरते मिटलेले नाही. विनोद चौगुले यांच्यानंतर दोन दशके कोल्हापूरला महाराष्ट्र केसरीची गदा मिळाली नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये सातारा येथे पन्हाळा तालुक्यातील पृथ्वीराज पाटील यांनी ती आणली. तेव्हा गदेसोबत रोख बक्षीस नसल्याची मोठी चर्चा वृत्तपत्रांतून झाली. २०२३ च्या पुण्यातील स्पर्धेत विजेते शिवराज राक्षे यांना गदेबरोबर चारचाकी वाहन आणि रोख रक्कम मिळाली. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस येथे ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळविले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. राज्य शासनाने १ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले आणि अर्जुन पुरस्कारही लवकरच मिळाला. एका कांस्यपदकाने घर गहाण पडले होते, दुसऱ्याबरोबर कोटीची घोषणा आली. दोन्ही कांस्यच, दोन्ही पदकांचा वारसा कोल्हापूरशी जोडलेला. बदलला तो देणारा.

निष्कर्ष

बक्षीसवाचक मराठी शब्दांचा हा इतिहास पाहिला असता काही गोष्टी स्पष्ट होतात. इनाम, बक्षीस आणि बिदागी या शब्दांत दात्याची मर्जी केंद्रस्थानी आहे. पारितोषिकात परीक्षकाचे समाधान, पदकात मोजलेला क्रम, चषकात समूहाची तात्पुरती मालकी आणि गदा व फेटा यांत परंपरेची मान्यता केंद्रस्थानी आहे. या शब्दांचा क्रम सरळ प्रगतीचा नाही. नवा शब्द आल्यावर जुना नाहीसा होत नाही. यात्रेत नारळ आहे, आखाड्यात इनाम आहे, मंचावर पदक आहे आणि गरज पडल्यास ते परस्परांचा भारही उचलतात.

खाशाबा जाधव यांच्या उदाहरणावरून दिसते की समाज मानचिन्ह लवकर देतो, परंतु ते मिळविण्यासाठी लागलेल्या खर्चाची जबाबदारी उशिरा घेतो. १९४८ मध्ये ती जबाबदारी राजाने घेतली, १९५२ मध्ये एका प्राचार्याने आणि सामान्य वर्गणीदारांनी. शासनाची पाळी पुष्कळ नंतर आली. तेव्हा कोणत्याही बक्षिसाचा विचार करताना ते कोणी दिले एवढेच विचारून भागणार नाही. विजयापूर्वीचा खर्च कोणी सोसला, हेही विचारणे आवश्यक आहे.

शब्दकोड्यातील रिकाम्या चौकटीत कोणताही तीन अक्षरी शब्द बसू शकतो. त्यांतील योग्य कोणता, हे आडव्या शब्दावरून कळत नाही, त्याला छेदणारा उभा शब्द पाहावा लागतो. मानचिन्हांच्या बाबतीत हा उभा शब्द म्हणजे त्यांचा सामाजिक इतिहास होय.